तिच्यासाठी ‘ला बोएम’

आज दुपारभर हेडफोन लावून बसलो होतो. बायकोच्या वाढदिवसाला ऑपेराचं रेकॉर्डिंग द्यायचं, एवढंच पक्कं होतं. आधी गायिका मारिया कॅलासचं १९५३ चं ‘तोस्का’ ऐकलं. अंगावर काटा आला, पण शेवट फार क्रूर. मग कंडक्टर कारायानचं १९७२ चं ‘ला बोएम’. त्यात गाणारे पावारोत्ती आणि मिरेला फ्रेनी, दोघंही इटलीतल्या मोदेनाचे, बालपणापासून एकमेकांना ओळखणारे. पहिल्या अंकात मेणबत्ती विझते, अंधारात किल्ली चाचपताना नायकाचा हात नायिका मिमीच्या थंडगार हाताला लागतो. तिथे मी थांबलो. हिचेही हात थंडीत असेच गार पडतात, आणि काही न बोलता ती ते माझ्या मुठीत सरकवते. शेवटी मिमीही जातेच, पण आपल्या माणसांत. हेच घेतलं. पहिल्यांदा सोबत बसून ऐकणार आहोत.