खाजेची गोळी, नवतपा आणि इसीजीवरचे दहा चौकोन

नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला की नागपुरात गजकर्णाचे पेशंट वाढतात. घाम, घट्ट जीन्स, कूलरची दमट हवा. चिठ्ठीही जवळपास ठरलेली असते: बुरशी मारायला फ्लुकोनाझोल किंवा इट्राकोनाझोल, आणि खाजेसाठी हायड्रॉक्सिझिन २५ मिलिग्रॅम. सुटी पाहिली तर सगळी रोजचीच औषधं. त्रास होतो तो त्यांच्या संगतीचा.

प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाच्या पेशीतून पोटॅशियम बाहेर पडतं, तेव्हा कुठे ती पुढच्या ठोक्याला तयार होते. हायड्रॉक्सिझिन ही वाट थोडी अडवतं आणि इसीजीवरचा क्यूटी, म्हणजे ठोका सुरू झाल्यापासून हृदय पुन्हा सज्ज होईपर्यंतचा वेळ, लांबतो. तो फार लांबला तर ठोक्यांची लय बिघडू शकते. फ्लुकोनाझोल स्वतःही तो लांबवतं. इट्राकोनाझोल यकृतातलं सीवायपी३ए४ हे एन्झाइम दाबतं, त्यामुळे हायड्रॉक्सिझिन रक्तात जास्त साचू शकतं. त्यात लूज मोशन झाले किंवा बीपीची क्लोरथॅलिडोनसारखी लघवी वाढवणारी गोळी चालू असली, तर पोटॅशियम आधीच खाली आलेलं असतं आणि क्यूटी आणखी लांबतो. नुसतं माठातलं पाणी पिऊन ते भरून येत नाही; एक लिटर ओआरएसमध्ये दीड ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड असतं, म्हणून ओआरएस.

युरोपच्या औषध नियामकाने २०१५ साली हायड्रॉक्सिझिनला दिवसाला १०० मिलिग्रॅमची मर्यादा घातली. म्हाताऱ्या माणसांना शक्यतो देऊच नका, द्यावंच लागलं तर ५० च्या वर नको. आपल्याकडे सर्रास लिहिलं जाणारं ‘२५, दिवसातून तीनदा’ म्हणजे ७५. सत्तरीच्या आजीला ते जास्तच.

आता इसीजी. कागद सेकंदाला २५ मिलिमीटर सरकतो, म्हणजे एक बारीक चौकोन ४० मिलिसेकंदांचा. समजा क्यूटी १० चौकोन, म्हणजे ४००, आणि दोन ठोक्यांमधलं अंतर १६ चौकोन, म्हणजे ०.६४ सेकंद. क्यूटी निम्म्या अंतराच्या पुढे गेला, इथेच थांबून हिशेब करायचा. ठोक्यांच्या वेगानुसार क्यूटी दुरुस्त करायच्या बॅझेटच्या सूत्राने ४०० ला ०.६४ च्या वर्गमूळाने, म्हणजे ०.८ ने भागा: ५००. हा धोक्याचा आकडा. फ्रिडेरिशियाच्या सूत्रात वर्गमूळाऐवजी घनमूळ असतं, त्याने तोच ४६४ येतो. ठोके जलद असले की बॅझेट फुगवून सांगतो, आणि बहुतेक मशीन बॅझेटचाच आकडा छापतं. तेव्हा छापील ५०० पाहून घाबरण्याआधी दुसरं सूत्र लावा. पण धडधडीसोबत भोवळ आली, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर गणित राहू द्या आणि थेट कॅज्युअल्टी गाठा. तिथे पोटॅशियम, मॅग्नेशियम तपासतात. टॉर्साड, म्हणजे लांबलेल्या क्यूटीतून उठणारी ठोक्यांची जीवघेणी बिघडलेली लय, दिसलं तर शिरेतून २ ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट देतात.

हा धडा जुनाच आहे. टर्फेनाडिन हे अ‍ॅलर्जीचं औषध अमेरिकेत १९८५ साली आलं. केटोकोनाझोल (बुरशीवरचं) किंवा एरिथ्रोमायसिन (अँटिबायोटिक) यांच्यासोबत घेतलं की यकृतात त्याचं रूपांतर अडायचं आणि मूळ औषधच रक्तात उरून क्यूटी लांबवायचं. १९९८ मध्ये ते बाजारातून गेलं, पुढच्या वर्षी त्याच जातीचं अ‍ॅस्टेमिझोलही. टर्फेनाडिनपासून शरीरात जे बनायचं, तेच आजचं फेक्सोफेनाडिन. नेहमीच्या डोसमध्ये ते, लोराटाडिन आणि सेटिरिझिन या बाबतीत बरेच निर्धोक. खाजेवर आधी हीच विचारा.

संत्र्याचं काय, हा प्रश्न नागपुरात येणारच. एन्झाइम दाबणारी फळं म्हणजे ग्रेपफ्रूट आणि पपनस. आपलं संत्रं त्यातलं नाही. फक्त फेक्सोफेनाडिन संत्र्याच्या रसासोबत घेऊ नका. हृदयाला काही होत नाही, गोळीच कमी शोषली जाते आणि खाज तशीच राहते.