काचेतलं बाळ, सव्वा महिना आणि तिसावा दिवस

दिवस भरण्याआधी झालेलं बाळ दोन-तीन आठवडे काचेत राहतं. वजन वाढतं, बाळ दूध ओढायला लागतं आणि डिस्चार्ज मिळतो. घरी आजी बजावते, सव्वा महिना होईपर्यंत बाळ-बाळंतिणीने उंबरा ओलांडायचा नाही. नाजूक बाळाला कुणाचा संसर्ग नको, हा त्यामागचा विचार चांगलाच आहे. पण अशा बाळाच्या डोळ्याच्या पडद्याची पहिली तपासणी जन्मापासून ३० दिवसांच्या आत व्हायला हवी, आणि सव्वा महिना संपेपर्यंत ती मुदत उलटून गेलेली असते. म्हणून या एका कामासाठी सव्वा महिना मोडायचाच.

आजाराचं नाव रेटिनोपॅथी ऑफ प्रीमॅच्युरिटी, दवाखान्यात सगळे आरओपी म्हणतात. पोटात असताना १६व्या आठवड्याच्या सुमारास पडद्यावर रक्तवाहिन्या मधून कडेकडे पसरू लागतात. नाकाच्या बाजूची कड त्या साधारण ३६व्या आठवड्यात गाठतात, कानाच्या बाजूची ४०व्या आठवड्याच्या आसपास. बाळ ३०व्या आठवड्यात जन्मलं, तर हे काम अर्धवट राहिलेलं असतं. बाहेर त्याला पोटातल्यापेक्षा कितीतरी जास्त ऑक्सिजन मिळतो, त्यामुळे वाहिन्यांची वाढ थबकते. पडदा मात्र वाढतच असतो. पोटातले धरून ३२-३४ आठवड्यांच्या सुमारास कडेचा उपाशी पडदा ‘रक्त पाठवा’ असा रासायनिक निरोप धाडतो. त्या रसायनाचं नाव व्हीईजीएफ. ते जास्त झालं की वेड्यावाकड्या, कमकुवत नव्या वाहिन्या उगवतात. पुढे त्यांचा व्रण आकसतो आणि पडदा जागेवरून ओढला जातो. ३०व्या आठवड्यातलं बाळ ३० दिवसांचं झालं की पोटातले धरून ३४ आठवडे भरतात. तिसावा दिवस ठरला तो या हिशोबाने.

तपासणी कुणाची? आपल्याकडचा नियम असा: जन्मवजन २००० ग्रॅमपेक्षा कमी किंवा ३४ आठवड्यांच्या आत जन्म. ३४ ते ३६ आठवड्यांचं बाळ ऑक्सिजनवर राहिलं असेल, जंतुसंसर्ग झाला असेल किंवा रक्त चढवलं असेल, तर त्याचीही. २८ आठवड्यांच्या आतलं किंवा १२०० ग्रॅमच्या आतलं बाळ असेल तर ३० दिवस थांबू नका, दोन-तीन आठवड्यांतच पहिली तपासणी हवी. अमेरिकेतली मर्यादा १५०० ग्रॅम किंवा ३० आठवडे आहे, पण ती इथे लावून चालत नाही. आपल्याकडे त्याहून वजनदार बाळांनाही तीव्र आरओपी होतो. दिवस मोजताना जन्मदिवस पहिला धरा: २ जूनचा जन्म, तर १ जुलैपर्यंत तपासणी. डिस्चार्ज कार्डावर नुसतं ‘डोळे दाखवा’ नको, तारीख लिहून मागा.

बाहेरून काहीच दिसत नाही, घोळ होतो तो इथेच. डोळा लाल नसतो, चिपडं नसतात, बाळ उजेडाला डोळे मिटतं. बुबुळामागे पांढरं दिसतं किंवा बाळ नजर देत नाही हे चार-पाच महिन्यांनी लक्षात येतं, तोवर पडदा बहुधा पूर्ण सुटलेला असतो. त्या टप्प्यावर शस्त्रक्रिया करूनही कामापुरती नजर फार क्वचित परत येते.

तपासणीच्या दिवशी बाळाला काजळ घालू नका. आधीचा तासभर दूध देऊ नका, नाहीतर बाळ उलटी करतं आणि दूध श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. बाहुली मोठी करायला मोठ्यांचे थेंब तसेच घालायचे नसतात. फिनाइलेफ्रिन ५ टक्के आणि ट्रॉपिकामाइड ०.८ टक्के असलेले थेंब कृत्रिम अश्रूंच्या थेंबांत निम्मे पातळ करून, १०-१५ मिनिटांच्या अंतराने दोन-तीन वेळा घालतात. गालावर ओघळलेलं औषध लगेच पुसायचं, कारण ते अंगात भिनलं की रक्तदाब वाढतो आणि दूध पचत नाही. मग बधिर करणारा थेंब, पापण्या उघड्या ठेवणारी छोटी तार, आणि डॉक्टरांच्या कपाळावरच्या दिव्याने भिंगातून तपासणी. बाळ आकांत करतं. साखरेच्या पाण्याचे थेंब जिभेवर दिले की वेदना कमी होते. नंतर पापण्या थोड्या सुजतात, त्याने घाबरू नका.

एक तपासणी ‘ठीक’ आली म्हणजे सुटलो, असं नाही. वाहिन्या कडेपर्यंत पोचेपर्यंत दर एक ते तीन आठवड्यांनी यावं लागतं. माहेरून सासरी गेल्यावर दवाखाना बदलला, तर कागद बरोबर न्या.

पहिल्या-दुसऱ्या पायरीतला आरओपी बहुतेकदा आपोआप ओसरतो. पण वाहिन्या फुगून नागमोडी झाल्या, म्हणजे ‘प्लस’ लिहिलं गेलं, की बहुधा ४८ ते ७२ तासांत उपचार लागतो. तेव्हा ‘पुढच्या सोमवारी येतो’ म्हणू नका. लेझरने वाहिन्या न पोचलेला कडेचा पडदा निकामी करतात, म्हणजे निरोप धाडणाराच उरत नाही. कडेची थोडी नजर जाते, मधली वाचते. दुसरा उपाय डोळ्यात इंजेक्शनचा. आजार अगदी मध्याजवळ असेल तर त्याचा चांगला उपयोग होतो, पण काही आठवड्यांनी आजार उलटू शकतो. त्यामुळे इंजेक्शननंतरचा पाठपुरावा लेझरपेक्षा लांबतो, आणि घरच्यांना हे आधीच स्पष्ट सांगायला हवं.

प्रतिबंधाचं मोठं काम नवजात कक्षात होतं. ऑक्सिजनवरच्या बाळाचं सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनची पातळी, साधारण ९० ते ९५ टक्के ठेवायचं. ते १०० दिसलं की घरच्यांना बरं वाटतं, पण लहान बाळासाठी तो धोक्याचा इशारा आहे. हवा मिसळणारा ब्लेंडर नसेल तर सिलिंडरमधला शुद्ध ऑक्सिजनच नाकात जातो. मॉनिटरचा वरचा अलार्म बंद ठेवणं ही तर सर्रास होणारी चूक आहे. उलट ऑक्सिजन फार कमी केला तर जिवाला धोका, त्यामुळे दोन्ही टोकं सांभाळायची. आईचं दूध, कांगारू पद्धतीने छातीशी धरणं, हात धुणं आणि वाढतं वजन, या सगळ्याची पडद्याला मदत होते.

आरओपी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात समाविष्ट आहे. जिल्हा रुग्णालयातल्या नवजात कक्षात किंवा आशाताईंकडे तपासणीचा वार विचारा. आजार बरा झाल्यावरही चष्मा, तिरळेपणा आणि आळशी डोळा यांसाठी शाळेच्या वयापर्यंत डोळे तपासत राहायचे. या मुलांना मोठ्या नंबरचा चष्मा पहिल्या वर्षातच लागू शकतो.