माळ्यावरचा बारूद: ठेवावा की सोडावा

बेळगाव जिल्ह्यातल्या जांबोटी-कणकुंबीकडच्या जुन्या घरांत पीकराखणीची परवान्याची बंदूक असते. म्हातारा माणूस गेला की माळा आवरताना तिच्यासोबत काडतुसांची अर्धी पेटी आणि एखादा बारूदाचा डबाही निघतो. मग प्रश्न येतो, हे अजून चालेल का? डब्यावरचं वर्ष बघून ते कळत नाही. थंड, कोरड्या जागी घट्ट झाकणात राहिलेला बारूद कित्येक दशकं टिकतो. कौलांखाली दर उन्हाळ्यात भाजलेला त्याच्या कितीतरी आधी बिघडतो.

आधी प्रकार ओळखा. ठासणीच्या (तोंडातून बारूद ठासून भरायच्या) बंदुकीचा काळा बारूद म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा. तो वयाने कुजत नाही, ओलीने बिघडतो. आमच्याकडच्या पावसात झाकण सैल राहिलं की त्याचे गोळे होतात, सोरा विरघळून पांढरा वर येतो. अशा बारूदाला ऊन दाखवून उपयोग नाही, मिश्रणाचं प्रमाणच ढळलेलं असतं. चुलीजवळ वाळवणं तर निव्वळ वेडेपणा. रायफलच्या काडतुसातला धूररहित बारूद वेगळा, तो ठासणीत भरला तर नळी फुटते. ओळख पटत नसेल तर तो कशातच भरू नये.

धूररहित बारूदाचा आधार नायट्रोसेल्युलोज, म्हणजे नायट्रिक आम्लाची प्रक्रिया केलेला कापसासारखा तंतू. तो सावकाश, आपोआप विघटित होतो आणि त्यातून नायट्रोजनची आम्लकारक ऑक्साइडं सुटतात. ती शोषून घ्यायला कारखान्यात डायफेनिलअमाइनसारखं स्थिरक घालतात, साधारण एक टक्का. ते संपलं की आम्लच पुढचं विघटन वाढवतं, उष्णता साचते, आणि मोठा साठा आपोआप पेटूही शकतो. फ्रान्सची ‘लिबेर्ते’ ही युद्धनौका 1911 मध्ये तुलाँ बंदरात अशाच बिघडलेल्या बारूदाने उडाली.

तपासायचं तर बाहेर मोकळ्यावर, विडी-काडी लांब ठेवून. झाकण उघडताना तोंड बाजूला. चांगल्या बारूदाला ईथरसारखा हलका वास असतो. नाकाला झोंबणारा आंबट वास आला किंवा तांबूस धूर दिसला, तर तपासणी तिथेच संपली. वास ठीक असेल तर चमचाभर पांढऱ्या कागदावर पसरा. दाण्यांवर विटकरी धूळ, चिकटपणा किंवा गोळे दिसले तर तो डबा बाद. नुसत्या डब्याच्या गंजाचीही धूळ पडते, पण तो गंज आतल्या बाजूनेच असेल तर आम्लाचाच संशय घ्यावा. भरलेल्या काडतुसात हेच आम्ल पितळ आतून खातं: काडतुसाच्या मानेला, म्हणजे गोळी धरणाऱ्या तोंडाला, चिरा पडतात, गोळीभोवती हिरवट थर येतो.

दिसायला ठीक असलेल्या बारूदातही एक खोड लपलेली असते, आणि तिच्याकडे फार कमी लोक लक्ष देतात. दाण्यावर ज्वलन धिमं करणारा लेप असतो. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने तो आत मुरतो, दाणा सुरुवातीलाच जोरात जळतो आणि दाब वाढतो. बारूद फार कोरडा पडला तरी तसंच होतं. म्हणून ‘जुना आहे, जोर कमी झाला असेल, थोडा जास्त भरू’ हा हिशेब उलटा आहे. ज्याच्याकडे काडतुसं भरण्याचा परवाना आहे, त्यानेही मूळ लेबल असलेलाच डबा घ्यावा, त्या बारूदाच्या छापील तक्त्यातल्या सर्वांत कमी मापापासून सुरू करावं आणि दोन डबे कधीही एकत्र करू नयेत. परवान्याविना काडतूस भरणं 1959 च्या शस्त्र कायद्याने गुन्हा आहे.

छर्‍याच्या बंदुकीची जुनी बारा बोरची कागदी काडतुसं ओलीने फुगतात. चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या काडतुसाच्या जागेत, बसत नसतील तर ठोकून बसवू नका. चाप ओढूनही बार झाला नाही, तर नळी सुरक्षित दिशेला धरून निदान अर्धा मिनिट थांबा, बार उशिरा होऊ शकतो. नुसतं ‘फुस्स’ झालं तर बंदूक मोकळी करून नळीत काही अडकलंय का बघा. अडकलेल्यामागून दुसरा बार केला की नळी फाटते.

बाद झालेला बारूद विहिरीत, शेणखतात किंवा भंगारात टाकू नका. धूररहित बारूद पाण्यात विरघळत नाही, वाळला की पुन्हा जळतो. घरी पेटवूनही बघू नका. परवानाधारक वारला असेल तर शस्त्र कायद्याच्या कलम 21 प्रमाणे बंदूक आणि काडतुसं विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागतात. बिघडलेला डबा मात्र स्वतः एसटीत किंवा दुचाकीवर घालून नेऊ नका. आधी ठाण्यात कळवा, आणि ते सांगतील तोवर डबा घराबाहेर सावलीत, गुराढोरांपासून लांब राहू द्या.