हवामानाची ओळ

दिवाळी अंकाचं शेवटचं प्रूफ आलं. अमेरिकी कवी टेड कूझर यांच्या सहा कविता, अनुवाद माझा, दोन पानं. प्रत्येक कवितेच्या डोक्यावरची तारीख आणि हवामानाची ओळ संपादकांनी पेन्सिलीने खोडलेली. समासात शेरा: 'जागा खाते.'

मला सगळ्यात जड गेल्या होत्या त्या या ओळीच. पावसाला आपल्याकडे शब्दांची ददात नाही. भुरभुर, झड, वळीव, संततधार, हवा तो घ्या. पण नेब्रास्कातल्या हिवाळ्यात पहाटे गवतावर गोठलेलं दव? 'हिमकण' म्हटलं की भेटकार्ड आठवतं. 'गोठलेले दवबिंदू' म्हणजे वर्तमानपत्रातली बातमी. आठवडाभर अडले होते.

दुरुस्त्या सांगायला अक्षरजुळणी करणाऱ्या ताईंच्या शेजारी बसले. ताई निफाडकडच्या. पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या, "दहिवर म्हणा की. दहिवर पडायला लागलं की द्राक्षबागेत रात्रभर शेकोट्या पेटवायचो आम्ही."

शब्द मिळाला. पुढे वाचताना त्याच थांबल्या. "हे बाबा रोज एवढ्या अंधारात का जातात फिरायला? तेही थंडीत?"

कारण मी परिचयात लिहिलं होतं. १९९८ साली कूझरना कर्करोग झाला. शस्त्रक्रिया झाली, किरणोपचार झाले, आणि डॉक्टरांनी वर्षभर ऊन टाळायला सांगितलं. म्हणून ते उजाडायच्या आत गावाबाहेरच्या रस्त्यावर चालायचे. आजारपणात लिहिणं जवळपास थांबलं होतं. नोव्हेंबरात एका सकाळी चालून आल्यावर कविता सुचली. मग ते रोजची कविता पोस्टकार्डावर चिकटवून लेखकमित्र जिम हॅरिसनला पाठवू लागले. अशा शंभर कार्डांचं पुस्तक २००० साली आलं. हा सगळा परिच्छेद जागेसाठी कापला गेला, आणि मी मान डोलावली होती. कवितेची पार्श्वभूमी आपल्या अंकांमध्ये अजून शोभेची वस्तू समजली जाते.

"म्हणजे शेक घेतले होते," ताई म्हणाल्या. "आमच्या ह्यांनाही ऊन चालत नव्हतं. दिवे लागल्यावर कोपऱ्यापर्यंत जाऊन यायचे." माउसवरचा हात काढून त्यांनी सहाही कविता पहिल्यापासून वाचल्या. मी गप्प बसून राहिले.

कूझर ३५ वर्षं विमा व्यवसायात होते. पहाटे लिहायचे, मग ऑफिस. कविता सेक्रेटरीला दाखवायचे, तिला कळली नाही तर घरी नेऊन पुन्हा लिहायचे. पुढे २००५ साली त्यांना कवितेसाठी पुलित्झर पारितोषिक मिळालं. ही गोष्ट मी किती जणांना कौतुकाने सांगितली असेल. माझे कागद मात्र इतक्या वर्षांत ताईंकडे फक्त टाइपासाठी गेले.

संपादकांना तिथूनच फोन लावला. अर्धा तास वाद झाला. शेवटी चित्र निम्मं झालं आणि हवामानाच्या ओळी राहिल्या. परिचयातलं एकच वाक्य परत आलं, ताईंच्या शब्दांत: 'शेक घेतल्यावर वर्षभर ऊन चालत नव्हतं, म्हणून हे चालणं उजाडायच्या आतलं.'

छापून आलेल्या अंकात 'शेक'च्या जागी 'किरणोपचार' आहे. ताईंना अंक द्यायचा अजून राहिलाय.