नॉर्दर आला त्या शनिवारी

मध्य टेक्ससमध्ये बार्बेक्यूच्या हॉटेलात शनिवारचं जेवण शुक्रवारी दुपारीच पिटवर, म्हणजे धूर देऊन मांस शिजवायच्या लोखंडी भट्टीवर, चढतं. ब्रिस्केट म्हणजे गुराच्या छातीचा भाग. एकेक तुकडा साडेपाच-सहा किलोचा. वरची चरबी अर्धा सेंटिमीटर ठेवून बाकीची काढायची, मीठ आणि भरड मिरी चोळायची, आणि पोस्ट ओक नावाच्या ओकच्या लाकडाच्या आगीवर 125 ते 135 अंश सेल्सिअसला बारा-चौदा तास ठेवायचं. आग मांसाखाली नसते. ती शेजारच्या फायरबॉक्समध्ये असते. तिची धग आणि धूर मांसावरून जाऊन चिमणीतून बाहेर पडतात.

आमच्याकडे त्या शुक्रवारी संध्याकाळी सगळे हाफ शर्टात होते. रात्री उत्तरेचा गार वारा, ज्याला इथे नॉर्दर म्हणतात, तो सुटला आणि पारा धडाधड उतरला. पिटचं लोखंड उघड्यावर, त्यामुळे चिमणीकडच्या टोकाला तापमान 105 वर आलं. अशा वेळी ओंडके कोंबायला हात शिवशिवतात आणि तिथेच मांस वाया जातं. गार ओंडके एकदम टाकले की आग गुदमरते, पांढरा दाट धूर निघतो आणि वरची काळी खपली कडू होते. धूर जेमतेम दिसणारा, निळसर असायला हवा. आम्ही ओंडके मनगटाएवढे बारीक फोडले, फायरबॉक्सच्या पत्र्यावर ठेवून तापवले आणि थोड्या थोड्या वेळाने एकेक टाकत राहिलो. वाऱ्याच्या बाजूला पत्रे उभे केले.

खरा अडथळा पुढे, 70 अंशांपाशी. मांस आतून इतकं तापलं की काटा तासन्‌तास हलत नाही. वरून पाणी उडत असतं, आणि आगीने दिलेली उष्णता ते पाणीच घेऊन जातं. पिट थंड असेल तर हा मुक्काम आणखी लांबतो. खपली नखाने खरवडून निघेनाशी झाली की बुचर पेपरात, म्हणजे मांस गुंडाळायच्या जाड कागदात, घट्ट गुंडाळायचं. फॉइलमध्ये लवकर होतं खरं, पण वाफेने खपली भिजून जाते. कागद थोडी वाफ बाहेर सोडतो. 95 अंशांच्या आसपास सळई पिकल्या केळ्यात शिरावी तशी गेली की झालं. एरवी ही वेळ पहाटेची. त्या दिवशी सकाळचे साडेनऊ वाजले.

दार अकराला उघडतं. रांग त्याच्या कितीतरी आधी लागते. मालकांनी एक ब्रिस्केट पाटावर घेतलं. सुरी फिरताच रस वाहून पाट ओला झाला, आणि काप तोंडात कोरडा लागला. शिजताना मांसातल्या कोलॅजेनचं, म्हणजे स्नायूंना बांधून ठेवणाऱ्या चिवट भागाचं, जिलेटिन होतं. इतक्या उष्णतेत ते पाण्यासारखं पातळ असतं. 60-65 अंशांवर उतरलं की दाट होऊन मांसातच राहतं. त्याला तीन-चार तास लागतात, आणि या तासांना दुसरा उपाय नाही. ते ब्रिस्केट बारीक चिरून सँडविचसाठी गेलं. मालकांनी स्वतः रांगेत जाऊन सांगितलं: रिब्ज, सॉसेज, टर्की आत्ता मिळेल, ब्रिस्केट एकनंतर. काही लोक गेले, बरेचसे थांबले. उशिरा विकण्याचा त्यांचा निर्णय मला शंभर टक्के पटला.

रांगेत ऑस्टिनहून आलेलं एक मराठी कुटुंब होतं. "बीफ नको, टर्की आणि बीन्स द्या," ते म्हणाले. "काका, बीन्समध्ये ब्रिस्केटचे तुकडे असतात," मी सांगितलं, "सॉसेजमध्येही बीफ आहे, आणि पाट-सुरी सगळ्याला एकच." त्यांच्यासाठी पाट धुतला, दुसरी सुरी घेतली, सोबत कोलस्लॉ, म्हणजे कोबीची कोशिंबीर, दिलं. असं काही असेल तर आधीच सांगावं. गर्दीतही कोणी नाही म्हणत नाही.

एकनंतर ब्रिस्केट कापायला घेतलं. सपाट, कमी चरबीचा भाग पेन्सिलीएवढ्या जाडीने, धाग्यांना आडवा. वरच्या चरबीदार भागाचे धागे वेगळ्या दिशेने जातात, म्हणून तिथे पोहोचल्यावर तुकडा काटकोनात फिरवायचा. नाहीतर लांब, चिवट दोरे हातात येतात. काप बोटावर टाकला की दोन्हीकडे वाकला पाहिजे, तुटता कामा नये, आणि हलकं ओढताच सुटला पाहिजे. या वेळी तसंच झालं. पाट जवळजवळ कोरडा राहिला.

मागताना दोन्ही भाग अर्धे-अर्धे मागा. माणशी पाव किलो पुरतं. पहिला घास सॉसशिवाय, मग पांढरा पाव, कांदा, लोणच्याची काकडी. कापलेलं मांस दहा-पंधरा मिनिटांत काळवंडून सुकायला लागतं, म्हणून घरी न्यायचं असेल तर न कापलेला तुकडा मागून घ्या.