कामिनितो देल रेय: तिकिटावरची वेळ नेमकी कुठली?

कामिनितो देल रेय ही दक्षिण स्पेनमधली, खोल घळीच्या कड्याला टांगलेली पायवाट. तिच्या प्रवेशाच्या तिकिटावर वेळ असते, समजा ११:३० छापलेलं असतं. ही वेळ वाटेच्या दक्षिण टोकाच्या एल चोर्रो रेल्वे स्टेशनची नाही, बसथांब्याची नाही आणि रस्त्याकडेच्या बोगद्याच्या तोंडाचीही नाही. ही वेळ आहे पाइनच्या झाडीत बऱ्याच आत असलेल्या, हेल्मेट देतात त्या खिडकीची. तिथेसुद्धा अर्धा तास आधी पोचायचं असतं. खिडकीशी उभं राहिलं की घामाघूम होऊन पळत येणारी माणसं दिसतात. मोबाईलवरचं तिकीट पुढे करतात आणि "बस तर वेळेत पकडली होती" म्हणतात. त्यांचं खरंच असतं. फक्त बसपासून खिडकीपर्यंतचं चालणं त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. मला याची चीड येते, कारण स्पेनमधल्या मालागाहून एका दिवसात आरामात होणारी ही सहल बहुतेकांची बिघडते ती एवढ्याच एका कारणाने.

म्हणून हिशोब उलटा करायचा. बस जिथे सोडते तिथून आत जायला दोन वाटा आहेत, एक दीड किलोमीटरची आणि दुसरी २.७ किलोमीटरची. दोन्हींच्या सुरुवातीला डोंगरातून कोरलेला बोगदा लागतो. धाकटी वाट पंचवीस मिनिटांत होते, थोरलीला पाऊण तासाच्या वर लागतो. हातात वेळ असेल तर थोरलीनेच जावं, सावली छान आहे. तर ११:३० च्या तिकिटासाठी खिडकीशी ११ ला, म्हणजे थोरल्या वाटेच्या तोंडाशी १० ला. एल चोर्रो स्टेशनवरून या उत्तरेच्या टोकाला येणाऱ्या बसला वीसेक मिनिटं लागतात आणि ती साधारण अर्ध्या तासाने सुटते. पहिली भरून गेली तर दुसरीची वाट बघायची, म्हणून स्टेशनवर सव्वानऊच्या आत. मालागाहून रेल्वेगाडीला पाऊण तास धरा. म्हणजे साडेआठच्या आधी सुटणारी गाडी हवी. त्या वेळेला गाडी नसेल तर तिकीटच उशिराचं घ्यावं. आधी रेल्वेचं वेळापत्रक आणि मग प्रवेशाचं तिकीट, हा क्रम चुकवू नका. बसच्या ड्रायव्हरला द्यायला सुट्टे युरो जवळ असू द्या.

गाडीतही एक मेख आहे. मालागाच्या मारिया साम्ब्रानो स्टेशनवरून आलोरा गावापर्यंत लोकल बऱ्याच आहेत. नकाशात आलोराच्या पुढचंच स्टेशन एल चोर्रो, त्यामुळे लोकल तिथे जात असेल असं वाटतं. ती आलोऱ्यालाच संपते. एल चोर्रोला थांबतात त्या लांब पल्ल्याच्या प्रादेशिक गाड्या, आणि त्या दिवसातून मोजक्याच. परतीचं तिकीट जातानाच काढून ठेवा.

प्रवेशाचं तिकीट साधं १० युरोचं, वाटाड्यासह १८ चं. वसंतात आणि शरदात ते आठवडे आधी संपतं. सोमवारी बंद. आठ वर्षांखालच्या मुलांना आत घेत नाहीत, लहानखुऱ्या मुलांच्या वयाचा पुरावा मागतात, तेव्हा पासपोर्ट हॉटेलवर ठेवून निघू नका. वारा किंवा पाऊस जोराचा असेल तर ऐनवेळी वाट बंद होते. म्हणून मुक्कामाच्या शेवटच्या दिवशी ही सहल ठेवू नये असं माझं ठाम मत आहे. स्वच्छतागृहाचं काम आत शिरण्याआधीच उरकून घ्या, वाटेत कुठेही नाही. पाणी माणशी एक लिटर, उन्हाळ्यात दीड. मोठी सॅक, छत्री, सेल्फी स्टिक नको.

आता वाट. ती एकाच दिशेची, उत्तरेकडून दक्षिणेकडे, आणि बहुतेक उताराची. हेल्मेटनंतरचा नियंत्रित भाग २.९ किलोमीटरचा. सह्याद्रीत किल्ले चढलेल्यांना यात दम लागण्यासारखं काही नाही. लिंगाण्याची आठवण काढून घाबरू नये. मीटरभर रुंदीच्या लाकडी फळ्या, कड्यात ठोकलेल्या पोलादाचा आधार, दरीच्या बाजूला तारांचा कठडा आणि सुमारे शंभर मीटर खाली ग्वादालओर्से नदी. मध्ये घळ उघडते आणि ओयोचं खोरं लागतं. तिथे वाट मातीची आहे, कड्यावर गिधाडं घिरट्या घालतात आणि पलीकडे रेल्वे एका बोगद्यातून निघून दुसऱ्यात शिरते. दक्षिणेच्या अरुंद घळीत पुन्हा फळ्या सुरू होतात.

इथे पायांखाली बघा. नव्या फळ्यांच्या लगेच खाली जुनी वाट अजून लटकलेली आहे. १९०१ ते १९०५ मध्ये वीजकेंद्राच्या कामगारांसाठी, दोन्ही टोकांच्या धबधब्यांदरम्यान सामान नेता यावं म्हणून ती बांधली. कड्यात रोवलेल्या लोखंडी आडव्यांवर काँक्रीटची पातळ लादी, एवढंच. कुठे लादीला ताटाएवढं भोक पडलंय आणि त्यातून हिरवं पाणी दिसतं. कुठे लादी पूर्ण गेलीय, नुसता गंजलेला लोखंडी दांडा हवेत आहे. यावरून माणसं रोज कामाला जात. १९२१ मध्ये राजा अल्फोन्सो तेरावा धरणाच्या समारंभासाठी आला तेव्हा या वाटेने गेला, म्हणून नाव कामिनितो देल रेय, म्हणजे 'राजाची छोटी वाट'. राजा एकदाच चालला, कामगार रोज, आणि नाव राजाचं, हे मला बोचतं. पुढे लाद्या ढासळल्या, १९९९ आणि २००० मध्ये इथे माणसं मेली आणि वाट बंद झाली. ती २०१५ मध्ये पुन्हा उघडली. लोक काचेच्या सज्जावर फोटोसाठी रांग लावतात. तो वेळ जुन्या लाद्यांजवळ घालवावा.

शेवटी झुलता पूल, १०५ मीटर उंचीवर. पुलावर वाऱ्याचा झोत एकदम लागतो, कारण रुंद खोऱ्यातला वारा त्या चिंचोळ्या फटीतून बाहेर पडतो. टोपी आधीच सॅकमध्ये टाका आणि फोन हातात धरू नका. शेजारून पाणी वाहून नेण्यासाठी बांधलेला जुना पूल जातो, त्याकडे बघत चाललं की खाली नजर जात नाही. त्यापुढे पायऱ्या आहेत, गुडघे दुखणाऱ्यांनी कठडा धरावा.

हेल्मेट परत केल्यावर स्टेशनपर्यंत आणखी २.१ किलोमीटर. ११:३० ला शिरलेला माणूस अडीचच्या सुमारास स्टेशनवर येतो, त्यामुळे तीनच्या आधीची परतीची गाडी घेऊ नये. स्वतःची गाडी उत्तरेला लावली असेल, तर तिच्यापर्यंत जायला याच टोकाहून तीच बस पकडायची. दुपारी तिच्यासाठीही रांग असते.