आमची वाटचाल: दुसरा पंप आणि त्याची वेगळी वीज

1996 साली कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात रिवायंडिंगचं दुकान टाकलं, तेव्हा बेसमेंटमधलं पाणी उपसणं हा आमचा विषयच नव्हता. ऊसवाल्या शेतकऱ्यांच्या पंपांच्या जळालेल्या मोटारी यायच्या, त्यांची तार नव्याने भरून द्यायची. भागीदार होते मामा. नात्याने नव्हेत, पण सगळी गल्ली त्यांना मामाच म्हणायची. सबमर्सिबल, म्हणजे पाण्यात बुडून चालणारा पंप, उघडायला घेतला की ते आधी ऑइल चेंबरचा स्क्रू काढायचे, दोन थेंब अंगठ्यावर घेऊन बोटाने चोळायचे. तेल दुधाळ दिसलं की सील गेलं, पाणी आत शिरलं. वाइंडिंग, म्हणजे मोटारीतली तार, आज शाबूत असलं तरी पंपाचे दिवस भरले. मेगर, म्हणजे वाइंडिंगचं इन्सुलेशन तपासायचं मीटर, लावायच्या आधी मामांचं निदान झालेलं असायचं, आणि ते चुकल्याचं मला आठवत नाही. आजही नव्या पोराला आम्ही पहिलं हेच शिकवतो.

पुढे शहरात पार्किंगची तळघरं आली, आम्ही त्या कामात शिरलो, वर्षं बरी गेली.

पहिल्यापासून आमचं म्हणणं एकच: तळघरात पाझरलेलं पाणी ज्यात जमतं त्या खड्ड्यात दोन पंप टाकले म्हणजे बॅकअप होत नाही. दोन्ही एकाच पॅनेलवर, एकाच फ्लोटवर (पाणी चढलं की पंप चालू करणारा तरंगता स्विच), एकाच डिलिव्हरी पाइपवर असतील तर ते एकदमच बंद पडणार. दुसऱ्या पंपाला वीज वेगळी हवी, फ्लोट वेगळा आणि पहिल्यापेक्षा सहा इंच वर हवा, पाइप वेगळा, एनआरव्ही, म्हणजे पाणी मागे येऊ न देणारा व्हॉल्व्ह, वेगळा. हे लिहून द्यायचो, म्हणून आमचं कोटेशन फुगायचं.

इथेच आमच्या पोटावर पाय आला. आमच्याच बाकावर शिकलेल्या एकाने स्वतःचं दुकान काढलं. त्याबद्दल तक्रार नाही, सगळं उद्यमनगर असंच वाढलंय. पण आम्ही काढलेली ड्रॉइंग घेऊन तो बिल्डरांकडे जायचा आणि वेगळी बॅटरी, वेगळा पाइप वगळून निम्म्याला काम द्यायचा. ‘स्टँडबाय पंप फुकट’ असं कोटेशनवर मोठ्या अक्षरात. बिल्डरला काय, ताबा देईपर्यंतच पंप चालायला हवा.

मग आला 2019 चा ऑगस्ट. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी 43 फूट, पाणी गेलं 55 च्या वर. जयंती नाल्याचं पाणी मागे फिरून शाहूपुरी, व्हीनस कॉर्नरला शिरलं. सुरक्षेसाठी वीज बंद करावी लागली, आणि ते बरोबरच होतं. शहराला पाणी देणारा शिंगणापूरचा उपसा बुडाला, सगळीकडे पूर आणि नळाला पाणी नाही. शिरोलीजवळ महामार्ग बंद, त्यामुळे डिझेल मिळेना. रॅम्पवरून नदीच आत आली तिथे कुणाचाच पंप कामाचा नव्हता, हे मान्य. पण जिथे रस्ता कोरडा आणि पाणी फक्त भिंतीतून, तळातून पाझरत होतं, तिथले ते ‘फुकट’ स्टँडबाय पहिल्याच रात्री गप्प झाले.

शाहूपुरीच्या कडेला एका कापड व्यापाऱ्यांचं तळघरात गोडाऊन आहे. आम्ही त्यांना शेठजी म्हणतो. 2005 च्या पुरात त्यांचा माल भिजला होता, त्यामुळे आमचं महागडं कोटेशन त्यांनी एक शब्द न बोलता मंजूर केलं होतं. अर्ध्या एचपीचा पंप, इन्व्हर्टर, 150 एएचच्या (अँपिअर-अवर) ट्युब्युलर बॅटऱ्या. एक बॅटरी कागदावर 1.8 युनिट देते, तोटा धरला तर पंप सलग दोन तास चालतो. पण पाझराला पंप सलग लागत नाही, फ्लोट उचलला की काही मिनिटं. बॅटऱ्या उतरल्या की शेठजींचा मुलगा छोटा जनरेटर लावून चार्ज करायचा. त्यांचा एक तागाही भिजला नाही.

आणि तरी बुडायची पाळी आमच्यावरच आली! ‘बेसमेंटचे पंप काही कामाचे नाहीत’ असं गावभर झालं, त्यात आम्हीही भरडलो. ऑर्डरी रद्द झाल्या, बिल्डरांनी बिलं अडकवली, बँकेची सीसी, म्हणजे कॅश क्रेडिटची उचल, तुंबली. लेथ विकली. मामा म्हणाले, “लेथचं काम बाहेरून करून आणू, मेगर तेवढा विकू नकोस.” त्या दिवाळीला शेठजी स्वतः दुकानात आले आणि पुढची एएमसी, म्हणजे वर्षभराच्या देखभालीचे पैसे, आगाऊ भरून गेले. वर आणखी चार दुकानदारांना घेऊन आले. त्या चार कामांवर आम्ही परत उभे राहिलो.

कुणी विचारलं नसलं तरी सांगतो. मे महिन्यात मेन स्विच पाडा, खड्ड्यात पाइपने पाणी सोडा आणि बॅकअप स्वतः उठतो का ते उभं राहून बघा. वीज परत आल्यावर थ्री फेज पंप आवाज करतोय पण पाणी कमी टाकतोय, तर फेज उलटे झालेत, पंप उलटा फिरतोय. आणि तळघर पूर्ण भरलं असेल तर घाईने उपसू नका. बाहेरची माती पाण्याने फुगलेली असते, आतला दाब गेला की भिंत आत येते. थोडं उपसा, खूण करा, दुसऱ्या दिवशी बघा.

आता मामा थकलेत, दुपारी तासभर येऊन बसतात. शेठजींचा हिशेब त्यांची सून बघते, एएमसी वेळेवर येते. नागाळा पार्कातल्या ज्या बिल्डरकडे आमचा बॅकअप 2019 मध्येही चालला, त्याच्याकडे आमचं पाच टक्के रिटेन्शन, म्हणजे हमी म्हणून राखून ठेवलेली बिलाची रक्कम, अजून अडकलंय. दर मार्चला पत्र पाठवतो आणि पोच फायलीला लावतो.